मागेल तेव्हा देऊ

नानांचा फोन आला तेव्हा सकाळचे दहा वाजत होते आणि मी धुळ्यात, देवपुरातल्या घरात गॅलरीत पेपर वाचत बसलो होतो. "बापू, सुटली रे बाई," ते म्हणाले. "हूं नाही का चूं नाही. इतकी सोशिक बाई मी पाह्यली नाही." मी 'निघतो' म्हणालो आणि फोन ठेवला. बोदवडला पोचेपर्यंत मला अक्काचा चेहरा आठवत नव्हता, फक्त ते 'हूं नाही का चूं नाही' कानात घुमत होतं... आज पाच आठवडे झाले. शोक हळूहळू बोथट होतो असं म्हणतात. माझ्या बाबतीत त्याला धार येत चालली आहे, आणि ती मी मुद्दाम लावतो आहे हे आधीच सांगून टाकतो.

अक्का माझी सख्खी थोरली बहीण. बोदवडजवळच्या एका गावात, केळी आणि कापूस पिकवणाऱ्या घरात दिलेली. मूलबाळ झालं नाही, भावजी सहा वर्षांपूर्वी गेले. तेव्हापासून ती जेठाच्या, म्हणजे थोरले दीर नाना यांच्या, कुटुंबातच राहिली. घरात नाना, त्यांचा मुलगा आणि सून रेखा. अक्का सातवीपर्यंत शिकलेली, पण मी ग्रंथपाल झालो तो तिच्यामुळे. मी सुट्टीत पुस्तकं घेऊन गेलो की ती आधी शेवटचं पान वाचायची. "मानूस मरते का नाही ते पाहून घेते," म्हणायची. "मरत असल तं जीव लावायचा नाही."

दोन वर्षांपूर्वी तिची कंबर दुखायला लागली. गावात दुखण्याला एकच औषध, 'पुडी'. दुकानदार दोन-तीन रंगांच्या गोळ्या कागदात बांधून देतो. केळीचे घड खांद्यावर वाहणारी माणसं सकाळी चहासोबत पुडी घेतात आणि दिवसभर ओझं उचलतात. अक्कानंही घेतली, जवळजवळ दोन वर्षं, बहुतेकदा रिकाम्या पोटी. त्यात सूज उतरवणाऱ्या गोळ्या होत्या. चार दिवसांच्या दुखण्याला त्या चांगल्या, पण अशा वर्षानुवर्षं घेतल्या तर पोट आणि किडनी खातात. हे मला कळलं ते अक्काला काळी शौच होऊन चक्कर आल्यावर, जळगावच्या दवाखान्यात. कंबरदुखीचं खरं कारणही तिथेच कळलं. छातीतला कर्करोग हाडांपर्यंत पोचला होता. पुडीनं दुखणं झाकून ठेवलं होतं. तो दुकानदार मला उत्तरकार्यात पंगतीला दिसला. दुसऱ्यांदा बुंदी मागून घेत होता.

जळगावच्या डॉक्टरीणबाई वयानं लहान, पण बोलायला स्वच्छ होत्या. नाना आणि मी समोर बसलो होतो. त्या म्हणाल्या, "आता बरं करणं आपल्या हातात नाही, पण दुखू न देणं आहे. किडनी थकलीय, म्हणून पहिल्या गोळ्या पूर्ण बंद. ही मॉर्फिनची गोळी, डोस लहान ठेवलाय. दर सहा तासांनी, घड्याळ बघून. दुखायला लागल्यावर द्यायची नाही, दुखू नये म्हणून द्यायची. सोबत पोट साफ राहायचं औषध. फार झोप यायला लागली किंवा काही वेगळं वाटलं, तर लगेच मला फोन."

"म्हंजे अफूच ना?" नानांनी विचारलं. त्यांच्या गालात तेव्हा तंबाखूचा बार होता.

"नशेसाठी घेणं वेगळं आणि दुखण्यासाठी घेणं वेगळं, काका."

नानांनी मान डोलावली. बाहेर आल्यावर गोळ्यांचं पाकीट मी त्यांच्या हातात दिलं. घरात औषध, दागिना, कागद काहीही आलं की ते आधी घरातल्या मोठ्या माणसाच्या हाती द्यायचं, ही आपल्याकडची रीत. मी आयुष्यभर पुस्तकं वाचली, आणि त्या दिवशी रीत पाळली.

बारा दिवसांनी मी भेटायला गेलो. अक्का मधल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडली होती. पदराचा बोळा दातांत धरलेला. मला पाहून तिनं तो काढला. "कायले आला रे इतक्या उन्हाचा?"

"गोळी घेतलीस?"

"नानाजीपाशी हायेत त्या. कपाटात."

"मग मागत का नाहीस?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काही अभद्र बोललो होतो. "जेठाले मांगू? चाळीस वरसांत पान्याचा तांब्या मांगला नाही त्याहीले."

हे अक्षरशः खरं होतं. अक्का जेठाशी कधी थेट बोललीच नव्हती. काही सांगायचं तर आधी भावजींमार्फत, नंतर रेखामार्फत. मी रेखाकडे पाहिलं. ती पुटपुटली, "मी दोन डाव सांगलं, मामा. ते म्हने, तिले स्वतःले लागली तं ती मांगल ना."

मी ओसरीवर गेलो. नाना शांत होते. "मी कुठे नाही म्हनतो? मांगली का देतो. जहाल चीज हाये, अशी वाटायची नसते. तिनं मांगलीच नाही, म्हंजे दुखत नसल."

डॉक्टरीणबाईंचे शब्द त्यांनीही माझ्याइतकेच ऐकले होते. मी कपाट उघडायला लावलं. गोळी दिली आणि खाटेशी बसून राहिलो. तासाभरात अक्काची मूठ सुटली. ती उताणी झाली. चहा मागितला, बशीत ओतून घेतला, आणि म्हणाली, "बापू, हे इतकं सोपं व्हतं का रे?"



नानांनी मला शब्द दिला: आता घड्याळ लावून देऊ. बायकोच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, मी धुळ्याला परतलो. निघताना कपाटाची किल्ली रेखाच्या हातात द्यायला लावायची, एवढं मला सुचलं नाही. की सुचलं आणि भीड पडली? रोज फोन करत होतो. नाना सांगत, "शांत हाये. काही तरास नाही." नऊ दिवसांनी तो शेवटचा फोन आला.

उरलेल्या गोळ्या परत करायला मी दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंनी पाकीट उघडलं. चारच जागा रिकाम्या होत्या, त्यातली एक माझ्या हातची. "दुखणं कमी झालं होतं का शेवटी?" त्यांनी जरा आशेनं विचारलं.

मी "नाही" म्हणालो. त्यांनी पाकिटातल्या रिकाम्या जागा पुन्हा एकदा मोजल्या.

उत्तरकार्याच्या दिवशी नाना मला म्हणाले, "तू लिहितो ना पेपरात. बाईवर लिही. सोशिक व्हती म्हना. घराचं नाव निघल." मी 'लिहितो' म्हणालो. नाना, हा तो लेख. ती सोशिक नव्हती. तिची गोळी तुमच्या कपाटात होती आणि किल्ली तुमच्या करगोट्याला. लोक सांगतात, झालं गेलं विसरा, म्हातारा माणूस आहे, मुद्दाम थोडंच केलं. असेल. मला विसरायचं नाही, आणि तुम्हालाही विसरू द्यायचं नाही. तुमचे गुडघे दुखतात हे ऐकून मला बरं वाटलं, हेही इथे लिहून ठेवतो.

त्या घरात एक गोष्ट मात्र अक्काची अजून चालू आहे. नानांना मोतीबिंदूमुळे वाचता येत नाही. म्हणून दर रविवारी अक्का मधल्या खोलीच्या दाराआड बसून पेपराची ही पुरवणी मोठ्यानं वाचायची आणि नाना ओसरीवर ऐकायचे. वाचणं हे बोलणं धरत नसत, म्हणून तेवढी मुभा होती. एखादा मजकूर आवडला की नाना भिंतीकडे पाहून म्हणायचे, "परत वाचा म्हनावं." आणि अक्का परत वाचायची. आता त्याच दाराआड रेखा बसते.

रेखा, तू वाचत वाचत इथवर आली असशील. बाहेरून खाकरल्याचा आवाज येईल. थांबू नकोस, आवाज उतरवू नकोस. संपलं की कपाटाचा भाग पुन्हा काढ. आज ते 'परत वाचा' म्हणणार नाहीत. तरी परत वाच.