गिरणीतली दाढेची पुडी

हातातला चहा आधी खाली ठेवा, नाहीतर हसताना अंगावर सांडेल. माझ्या शहाणपणाचे एवढे धिंडवडे आजवर कधी निघाले नव्हते, आणि ते मी स्वतःच काढले, दुसऱ्या कुणाचा त्यात हात नाही!

कुरकुंभच्या पलीकडं आमचं गाव, आणि गावात माझी पिठाची गिरणी. आता गिरणी म्हणजे कशी जागा? दळण होईपर्यंत माणूस थांबतो, आणि थांबलेला माणूस बोलतो. एमआयडीसीतून शिफ्ट संपवून आलेली पोरं, वस्तीवरच्या बाया, सगळे डबे रांगेत लावून बाकावर बसणार. त्यामुळं जगातल्या कुठल्याही विषयावरची माहिती माझ्याकडं तयारच असते.

तर माझी दाढ दुखायला लागली. खालची, उजवीकडची. दुखणं तरी कसलं! गार पाण्यानं ठणका, गरम चहानं ठणका, आणि कुणी "आता कशी हाय गं दाढ?" म्हणून विचारलं तरी ठणका. आमचे हे रोज म्हणायचे, "दौंडला जा. रूट कॅनल करून घे." मी कशाला जाते? रूट कॅनल म्हणजे दाढेत सुया खुपसून नस उपटतात, आणि त्या नसेबरोबर डोळ्याची नजर जाते, ही माझी पक्की माहिती. कुठून मिळाली? गिरणीतूनच की!

मग मी स्वतःचं डोकं चालवलं. लवंगा, हिंग, तुरटी एकत्र केली. खलबत्ता काढायचा कंटाळा आला म्हणून सगळं मिरची कांडपाच्या मशीनमध्ये टाकलं. पूड जरा लालसरच बाहेर पडली. असू दे म्हटलं. कापसात गुंडाळली आणि दाढेखाली दाबली.

अगं आई गं! डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, कानातून तर धूरच निघाला असेल. दाढ दुखतेय की नाही हे बघायला मी शुद्धीवर होतेच कुठं?

पण खोटं का बोलू, आठवडाभरात ठणका थांबला. पार थांबला! गार पाणी प्यायले, काही नाही. चहा प्यायले, काही नाही. मी तशीच गिरणीत आले आणि जाहीर केलं, "दाढ बरी झाली. घरच्या औषधानं."

झालं! दळणाबरोबर माझी पुडीही घरोघर जायला लागली. कंपनीतला बिहारचा एक जण तर गहू न आणताच यायचा. "भाभी, वो दाँतवाली पुड़िया देना." ज्याला बरं वाटायचं तो गावभर सांगायचा. ज्याला वाटायचं नाही तो गुपचूप दौंड गाठायचा, आणि मला वाईट वाटू नये म्हणून तोंड उघडायचा नाही. त्यामुळं माझ्या कानावर यायचे ते फक्त बरे झालेले! मला वाटलं, माझ्या हाताला खरंच गुण आहे. आमचे हे म्हणाले, "गिरणीची पाटी बदलू का? दवाखाना लिहू?" मी त्यावर रागावलेसुद्धा नाही, बघा. अक्षर कसं असावं याचा विचार करत बसले.

आणि अशातच आबा आले. आबा म्हणजे ह्यांचे चुलते. तरुणपणी मेंढरांमागं मुलूखभर फिरलेला माणूस, आता वस्तीवर ऊस आणि कांदा करतात. तोंडात दात मोजकेच उरलेले. डावीकडं वर एक दाढ आणि खाली एक, एवढ्या जोडीवर सगळी भाकरी चालायची. त्यातली खालची दुखायला लागली होती.

"सुनबाई, दौंडच्या मॅडम म्हणत्यात रूट क्यानल केलं तर ऱ्हाईल दाढ. करू व्हय? का तुझी पुडी घिऊ?"

त्यांनी विश्वासानं विचारलं होतं. मी काय सांगावं? "आबा, त्या सुयांच्या नादी लागू नका. या वयात नजर गेली तर?"

आबांनी पुडी घेतली. मग दुसरी घेतली. ठणका कमी झालाय म्हणाले. मी आणखीच फुशारले.

एके दिवशी सकाळी आबा गिरणीच्या दारात उभे. गाल हा एवढा सुजलेला, एक डोळा जवळजवळ मिटलेला, अंगात ताप. आणि मला म्हणतात काय, "सुनबाई, आजची पुडी जरा मोठी बांध."

इतके दिवस अंगात चढलेली फुशारकी त्या सुजलेल्या गालाकडं बघताना पार उतरली. गिरणी बंद केली, आबांना स्कूटीवर मागं बसवलं आणि थेट दौंड धरलं. वाटेत आबा मागून विचारतात, "दाढ जाईल का गं? गेली तर भाकरी कुस्करून खावी लागंल. म्हाताऱ्या माणसागत!" आबांनी सत्तरी कधीच ओलांडलेली आहे. एरवी मी खो खो हसले असते. तेव्हा मी नुसती स्कूटी पळवत राहिले.

दवाखान्यात रूट कॅनलच्या स्पेशालिस्ट मॅडमनी एक्स-रे काढला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"आबा, मी तेव्हाच सांगितलं होतं. इतके दिवस काय केलंत?"

"औषध चालू व्हतं."

"कुणाचं?"

मी भिंतीवरच्या दातांच्या पोस्टरमध्ये तोंड घातलं.

"हाय आमच्या गावात एक बाई," आबा म्हणाले. "लई गुण हाय तिच्या हाताला. तिची सोत्ताची दाढ बरी झाली. आता दुकतच न्हाई."

"दुखेल कशी? आतली नस मेली असेल," मॅडम म्हणाल्या. "मेलेली नस दुखत नाही आबा, पण सड आत मुळापर्यंत उतरतच राहते. दुखायचं थांबलं की लोक यायचे थांबतात, आणि दाढ वाचवायची वेळ निघून जाते. त्या बाईंना एकदा घेऊन या माझ्याकडे."

"आणलीया की," आबा म्हणाले. "ती काय, तुमच्या कागदावरचं दात मोजत हुबी हाय."

धरणी दुभंगावी आणि मी तिच्या पोटात जावं, असं झालं! अहो, गिरणी चालताना एकदम आवाज थांबला, तर मी कधी "बरं झालं, शांत झाली" म्हणते का? धावत जाऊन बघते, काय जळालं म्हणून. आणि स्वतःच्या दाढेचा आवाज बंद झाला तर गावभर पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले होते.

आबांचा पू काढला, औषधं दिली, सूज उतरल्यावर पुढच्या खेपा सुरू झाल्या. प्रत्येक खेपेला मीच घेऊन गेले, दुसऱ्या कुणाला नेऊ दिलं नाही. इंजेक्शननं जबडा बधिर केल्यावर आबा त्या खुर्चीत चक्क घोरले! सुया खुपसतात म्हणे. नजरेचं म्हणाल, तर दवाखान्यातून बाहेर पडताच रस्त्यापलीकडचा कांद्याचा व्यापारी त्यांनी लांबूनच ओळखला आणि भाव विचारला.

शेवटी दाढेवर टोपी, म्हणजे कॅप, बसवायची म्हटल्यावर आबा अडून बसले, "आता दुकत न्हाई, टोपी कशाला?" तेव्हा मॅडमच्या आधी मीच कडाडले, "आबा, न दुखण्याचं नावसुद्धा काढू नका!" मॅडम हसून म्हणाल्या, "बरोबर बोलतायत त्या. अशी दाढ ठिसूळ होते. टोपी बसेपर्यंत त्या बाजूनं कडक काही चावायचं नाही." टोपी बसली. आबांची जोडी वाचली. भाकरी पूर्ववत सुरू.

आणि माझी? माझ्या दाढेचा एक्स-रे मॅडमनी बराच वेळ बघितला. मुळाशी सड, त्यात दाढ उभी चिरलेली. "लवकर आला असतात तर वाचली असती," एवढंच म्हणाल्या आणि काढून टाकली. म्हणजे पेशंट बरा, आणि वैद्याची दाढ ट्रेमध्ये!

तेव्हापासून पुडी बंद. पण नाव कुठं बंद होतंय? परवाच वस्तीवरची एक बाई गाल धरून गिरणीत आली. "वैनी, तेवढी पुडी द्या."

"पुडीबिडी काही नाही. दौंडला जा."

"आसं काय करता? आबांची दाढ तुमच्यामुळंच ऱ्हाईली म्हनं. तेच सांगत व्हते."

आता हिला कसं पटवायचं? मी सरळ आ वासला, बोटानं गाल बाजूला ओढला आणि म्हटलं, "हे बघ! ही त्या पुडीची करामत!"

ती वाकली. खिंडार नीट निरखून बघितलं. आणि डोळे मोठे करून म्हणाली, "आगं बया! दाढच गायब? एवढं जालीम हाय व्हय? मग मला दोन द्या!"

मी मोटर बंद केली, शटर ओढलं आणि स्कूटीची किल्ली काढली.

"पुडी दौंडला मिळते," म्हटलं. "बस मागं."