राजानंद झोपलाय तोवर

गिरिजाबाई पहिल्यांदा माझ्या दारात आल्या, त्या भांडायलाच आल्यात असं मला वाटलं. सकाळचे नऊ वाजले होते आणि एकाच लग्नाची अकरा ब्लाऊज माझ्या मशीनवर पडली होती.

"ताई, ही मशीन दोन वाजेपर्यंत बंद ठेवता का? माझा राजानंद झोपून राह्यला."

मी फटकन म्हणाले, "दिवसा झोपणाऱ्यांसाठी मी उपाशी राहू का?"

त्या तशाच उंबऱ्यावर बसल्या आणि बराच वेळ उठल्याच नाहीत. एवढं दमलेलं माणूस मी सकाळी नऊ वाजता कधी पाहिलं नव्हतं.

चंदनझिऱ्याच्या कामगार वस्तीत आमच्या खोल्या एका ओळीत आहेत. वर पत्रे, मध्ये चार इंची भिंत, पलीकडे शिंकलं तर अलीकडे कळतं. त्यांचा मुलगा राजानंद एमआयडीसीतल्या एका रोलिंग मिलमध्ये कायम रात्रपाळीला. सून प्रीती बियाण्यांच्या कंपनीत दिवसपाळीला. तो साडेसातला घरी येतो, ती आठला टेंपोत चढते. मधल्या अर्ध्या तासात काय बोलतील तेवढाच त्यांचा संसार. उरली दोन लेकरं, साडेपाच वर्षांचा सुमित आणि तीन वर्षांची सम्यका. त्यांना सांभाळायला गिरिजाबाईंना परतूरकडच्या गावाहून आणलं होतं. खोली एकच. बाहेर सोडावं तर समोरच्या रस्त्यावर सळईचे ट्रक, आणि एप्रिल लागला की दहानंतर उन्हात उभं राहवत नाही.

"मागच्या महिन्यात ह्याच्या जोडीदाराचा उभ्या उभ्या डोळा लागला," त्या म्हणाल्या. "धर्मराज नाव त्याचं. तापलेली सळई पायावरून गेली. आजून खाटेवर हाय. ह्याची झोप मोडली की मला तीच सळई दिसते, ताई."

मी मशीन बंद केली. मनातल्या मनात शिव्या घालतच केली, हे कबूल करते. तेव्हापासून दोनपर्यंत मी हातशिलाई करायचे. हूक, काजं, तुरपाई. एकटीनं बसून कंटाळा आला की ते काम घेऊन त्यांच्याच दारात जाऊन बसायचे.

तिथं जे पाहिलं ते मला या जन्मात जमलं नसतं. भिंतीकडे तोंड करून, डोळ्यांवर टॉवेल टाकून राजानंद झोपलेला, आणि त्याच्या पायथ्याशी दोन लेकरं आवाज न करता खेळताहेत. चिंचोक्यांचा डाव गोधडीची चौपदरी घडी करून तिच्यावर, म्हणजे खडखड नको. 'चिमणी उड'सुद्धा मुक्यानं. आजी नुसते ओठ हलवायची, चिमणी, कावळा, पोपट, आणि पोरं बोटं उचलायची. मध्येच आजी म्हैस म्हणायची. सम्यकाचं बोट हमखास वर जायचं आणि हसू आलं की तिघंही गोधडीत तोंड खुपसायची.

सगळं संपलं की परात यायची. परातीत मूग आणि मटकी एकत्र केलेले. लेकरांनी ते निवडून वेगळे करायचे. तासभर जायचा. मग पोरांची पाठ वळली की गिरिजाबाई ते पुन्हा मिसळून ठेवायच्या.

सुमितनं एकदा कुजबुजून विचारलं, "आजी, हे कालच निवडले व्हते ना?"

"कालचे शिजवून खाल्ले. हे दुसरे हायेत," गिरिजाबाई तेवढ्याच हळू म्हणाल्या. खोटं बोलताना त्यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

आणि सम्यकानं भोकाड पसरायच्या आत तिला उचलून बाहेर न्यायचं. भर दुपारी भिंतीलगतच्या वीतभर सावलीत, तिच्या डोक्यावर पदर धरून त्या उभ्या राहायच्या. पाय भाजले की एक उचलायच्या, मग दुसरा.

"चाळीस वर्सं दुसऱ्याच्या रानात कापूस वेचला," एकदा म्हणाल्या, "पर असा शीण न्हाई आला. तिथं निदान मोठ्यानं बोलता यायचं."

लेकरं एकच्या सुमारास पेंगली की त्याही भिंतीला टेकायच्या, पण एक हात सम्यकाच्या पायावर. ती हलली तर कळावं म्हणून. दोनला राजानंद उठला की त्यांचं तोंड उजळायचं. "आज बराबर साडेपाच घंटे झोपला," असं मला सांगायच्या. मीही कौतुक करायचे. इतकी गुणी लेकरं मी पाहिली नव्हती आणि मला त्यात काही वावगं दिसलं नाही, याचा आज मला राग येतो.

मेच्या सुरुवातीला प्रीती सुमितचं नाव शाळेत घालायला गेली. बाईंनी त्याला नाव विचारलं, रंग विचारले, पाचपर्यंत मोजायला सांगितलं. त्यानं सगळी उत्तरं दिली, फक्त ओठांनी. बाईंनी दोनदा मोठ्यानं बोल म्हणून सांगितलं, मग प्रीतीला बाजूला घेऊन म्हणाल्या, मुलाचे कान तपासून घ्या, आणि वाचाही.

त्या शुक्रवारी राजानंदला सुट्टी होती. तो बाजारात जाऊन दोन पिपाण्या घेऊन आला. मी त्यांच्याच दारात तुरपाई करत होते. लेकरांना पुढ्यात बसवून तो म्हणाला, "वाजवा. जोरात वाजवा. आज कुणी झोपलेलं न्हाई."

सुमितनं पिपाणी उलटसुलट करून पाहिली. माझ्या चिंध्यांतली एक उचलली, बोटानं पिपाणीत कोंबली आणि बापाला दाखवत कुजबुजला, "पप्पा, असं केलं की वाजत न्हाई. आता झोपा तुमी."

राजानंद हसायला गेला, पण त्याला हसू येईना. तो आईकडे वळला. "आई, काय करून ठेवलं हे लेकरांचं?"

गिरिजाबाई मग म्हणाल्या, "तू रोज जित्ता घरी येतूस ना? मला तेवढंच कळत व्हतं."

त्यांनी सम्यकाच्या हातातली दुसरी पिपाणी घेतली, तोंडाला लावली आणि सगळा दम एकवटून फुंकली. पत्र्याखाली तो आवाज केवढा तरी झाला.

सम्यका धावत आली. तिनं दोन्ही तळव्यांनी आजीचं तोंड गच्च दाबलं आणि डोळे मोठे करून कुजबुजली, "गप, आजी! पप्पा झोपलेत."

राजानंद तिच्यापासून हातभर अंतरावर टक्क जागा बसला होता.