गुणगुणणारीला पॅकिंग

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षर वाकडं. चौथीनंतर पेन्सिल सुटली ती सुटलीच. कोणी हे वाचलंच तर सांभाळून घ्या.

डोलोरेस दारात उभी होती आणि मला गायचं होतं. पण मी नुसती हेडफोन नीट करत राहिले.

डोलोरेस आमची सुपरवायझर. अमेरिकेत, टेक्सासमधल्या अर्विंग गावाबाहेर रेकॉर्डी छापायची फॅक्टरी होती, तिथे मी कामाला होते. गरम काळ्या प्लास्टिकचा गोळा दोन साच्यांमध्ये दाबला की रेकॉर्ड तयार होते. साचा बदलला की पहिली रेकॉर्ड अख्खी ऐकावी लागते, मग मधूनमधून एखादी उचलून. ते माझं काम. काचेच्या खोलीत हेडफोन लावून बसायचं. कुठे टिकटिकलं, कुठे सळसळलं, की लाल चिठ्ठी लावायची. मला इंग्रजी फारसं येत नव्हतं म्हणूनच तिने मला निवडलं. शब्द कळले नाहीत की कान गाण्यात अडकत नाहीत, असं तिचं म्हणणं.

आणि तिचा एक नियम होता. ऐकणारी गुणगुणायला लागली की तिची पॅकिंगला बदली. गाणं आवडलं की त्यातला दोष ऐकू येत नाही.

त्या वर्षी टेक्सासच्याच एका कंट्री बँडची दुसरी रेकॉर्ड आली. पाच पोरं, मोठ्या हॅट घातलेली. त्यांची पहिली रेकॉर्ड खपली नव्हती. दुकानांतून परत आलेली खोकी आमच्याकडेच दळून टाकली होती. दुसरीला मात्र असा उठाव आला की तिन्ही शिफ्टना आम्ही तेवढीच छापत होतो.

तिच्यात एक संथ गाणं होतं. त्यात एक वाद्य वाजायचं. ते आडवं ठेवून तारांवरून लोखंडी कांडी सरकवतात, आणि सूर एका जागी न थांबता लांबत जातो. तिन्हीसांजेला आई परड्यातून मला हाक मारायची, ती अशीच लांबायची. शब्दांतला एक 'होम' तेवढा मला कळायचा.

वैशाखात माझ्या धाकट्या भावाचं लग्न होतं. मी एकटी बहीण, म्हणजे करवली मीच. नवरदेवाच्या मागे कऱ्हा घेऊन उभी राहणारी. लग्न होऊन इकडे आल्यापासून मी गावी गेले नव्हते. ह्यांनी तिकीट काढलं होतं. सुट्टीही मंजूर झाली होती.

मग डोलोरेसने मला बोलावलं. शालूची तिने शॅली केली होती.

"शॅली, व्हेकेशन कॅन्सल. ऑर्डरी बघतेस ना?"

"माय ब्रदर. वेडिंग."

"कळतंय गं. पण ऐकणाऱ्या तिघी. त्यातली एक बाळंतपणाला गेली. पॅकिंगच्या पोरींना मी सुट्टी देते, त्यांच्या जागी कोणीही चालतं. तुझ्या जागी कोण बसेल?"

लंचला मी डबा न उघडताच बसले होते. पॅकिंगमधली रूबी हसायला लागली.

"अगं वेडे, रडतेस काय? गा! तिच्यासमोर गा. पॅकिंगला ये आणि जा भावाच्या लग्नाला."

"पगार कमी होईल."

"मग? तुला पगार हवाय का भाऊ?"

घरी भाकरी थापताना मी तेच गाणं म्हणायचे. पण चारचौघांत मी कधी आरतीसुद्धा मोठ्याने म्हटलेली नव्हती. दोन-तीनदा डोलोरेस येऊन गेली आणि मी नुसती मान खाली घालून बसले.

त्या दिवशी ती तपासलेल्या रेकॉर्डी न्यायला आली. संथ गाणं चालूच होतं. ते वाद्य सुरू झालं, आई आठवली, आणि मी डोळे मिटून गायला लागले. गुणगुणणं नाही, चांगलं मोठ्याने. हेडफोनमुळे मला माझाच आवाज कळत नव्हता. डोळे उघडले तेव्हा काचेबाहेर मशीनवरची माणसं बघत होती. रूबी टाळ्या वाजवत होती.

डोलोरेस गाणं संपेपर्यंत थांबली होती. मग तिने खोलीचं दार लावून घेतलं.

"गोड आवाज आहे तुझा," ती म्हणाली. "पण मी काही ऐकलं नाही. उद्या वेळेवर ये."

नियम असतात ते रेकॉर्ड खपत नसेल तेव्हासाठी, एवढं मी त्या नोकरीत शिकले. रेकॉर्ड आणखी महिनोन्‌महिने खपली. कंपनीने आम्हाला केक दिला.

तिकिटं काढून देणारे नेनेकाका भले माणूस. त्यांनी खटपट करून एअरलाइनशी भांडण केलं आणि एक दिवस स्वतः घरी येऊन टेबलावर रद्द केलेल्या तिकिटाचे पैसे ठेवले. मी चहा केला. त्याच आठवड्यात गावच्या वाण्याकडे फोन लावला. आईला बोलावून आणलं.

"करवली कोण उभी राहणार गं?" मी विचारलं.

"काकीची मंगल हाय की. शालू, तिकिटाचं पैसं बुडालं न्हाईत न्हवं?"

"नाही आई. पुरे परत मिळाले."