टेस्ट झालेला नर

मी तपासणीच्या खोलीतला दिवा बंद केला. काळू उठला, दाराकडे निघाला आणि मधल्या खुर्चीवर आदळला. दिवा लावल्यावर त्याच खुर्चीला वळसा घालून तो नीट गेला.

काळू हा दीड वर्षाचा कारवानी कुत्रा. मालक महादू, माण तालुक्यातला मेंढपाळ. त्या आठवड्यात त्याची मेंढरं सांगलीजवळच्या एका शेतात खतासाठी बसवली होती, म्हणून तो विश्रामबागेतल्या माझ्या दवाखान्यात आला होता.

"दिवसा समदं दिसतंय बगा त्याला," महादू म्हणाला. "दिवस बुडला की मेंढरातच धडपडतंय. आन् लांडगा काय दुपारचा येत न्हाई, मॅडम."

काळूच्या डोळ्यातला आतला पडदा, म्हणजे रेटिना, झिजत चालला होता. सुरुवात रातांधळेपणाने होते, शेवट पूर्ण अंधत्वाने. औषध नाही. दोष आनुवंशिक असतो. पिल्लाला प्रत्येक जनुकाची एक प्रत आईकडून मिळते, एक बापाकडून. एकच प्रत बिघडलेली असेल तर कुत्र्याला काही होत नाही. त्याला कॅरिअर म्हणतात. दोन्ही बिघडलेल्या आल्या तर काळू होतो.

महादूला दुसरा राखणदार हवा होता. काळूची आई चंपी दोन महिन्यांत माजावर येणार होती आणि नर तोच ठरला होता: तुफान, काळूचा बाप. मी दुसरा नर बघायला सांगितलं. आमच्याकडं दुसरा म्हणजे तुफानचाच पोरगा, असं महादू म्हणाला. तिकडे जोडी लावल्याचे पैसे घेत नाहीत. पिल्लं जरा मोठी झाली की नराचा मालक त्यातलं पहिलं निवडून नेतो. तुफानच्या मालकाने अशी पिल्लं पाव्हण्यांत वाटली होती. चंपीचा आजाही तुफानच.

तुफानचे मालक फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार. मी फोन केला, तसे ते तुफानला जीपमधून घेऊन आले.

"करा टेस्ट बिनधास्त," ते म्हणाले. "नापास व्हायला तुफान काय माझा पोरगा हाय का?"

यात पास-नापास नसतं, जोडी कुणाशी लावायची एवढंच कळतं, असं मी सांगितलं. तुफान आणि चंपी दोघांचं रक्त लॅबला गेलं. दोष आधीच माहीत असलेल्या प्रकारचा असेल तरच टेस्टमध्ये दिसेल, असं लॅबने आधी कळवलं होतं. दिसला. दोघंही कॅरिअर.

मी दोन्ही मालकांना एकत्र बसवलं. दोन्ही कुत्री निरोगी आहेत. फक्त एकमेकांशी जोडी नको. जोडीदार टेस्ट करून निर्दोष निघालेलाच हवा.

"म्हंजी दोगं सारकीच?" महादूने विचारलं.

"अगदी सारखी."

सुभेदारांनी मान डोलावली आणि ते तुफानचा रिपोर्ट घेऊन गेले.

चंपी माजावर आली तेव्हा महादूचा फोन आला. "आवं मॅडम, चंपीला कुनी नर दीना. सुभेदार सांगत्यात, टेस्टात तिच्यात खोट निगाली."

"आणि तुफानमध्ये?"

"त्यो टेस्ट झालेला नर हाय म्हनं. लय मागनी वाढलीया त्याची."

मी सुभेदारांना फोन केला. ते चिडले नाहीत. "टेस्ट झाली का न्हाई, मॅडम? चंपीत दोष निघाला का न्हाई? मग मी खोटं काय बोललो?"

मिरजेतला एक मालक आपल्या नराची टेस्ट करायला तयार झाला होता. चंपीबद्दल त्याच्याही कानावर गेलं आणि त्याने फोन उचलणं बंद केलं. माज निघून गेला. पावसाळा संपता संपता लांडग्याने महादूची कोकरं नेली. काळूला चाहूल लागली होती. तो भुंकला, अंधारात धावला आणि मेंढरांभोवती लावलेल्या वाघरीच्या जाळीत अडकून पडला.

पुढच्या वर्षी कोयनानगरहून धरणावरचा एक कर्मचारी तरणा कारवानी कुत्रा घेऊन आला. संध्याकाळी पायऱ्या चुकतो, अशी तक्रार. बाप डीएनए टेस्टवाला आहे, असं तो कौतुकाने सांगत होता. मोबाईलवरच्या जाहिरातीत तुफानचा फोटो होता. मी उठून दिवा बंद केला.

आता रक्त घेण्याआधी मी मालकाला विचारते, दोष निघाला तर काय करणार? उत्तर नसेल तर सॅम्पल घेत नाही. गेल्या वर्षभरात माझ्याकडून लॅबला एकही सॅम्पल गेलेलं नाही.