चिनी व्हॅन आणि तीन दिवसांचं सुतक

आमची व्हॅन चिनी बनावटीची, सेकंडहँड. पुढे दोन सीट, मधे तीन, मागे सामानाची जागा. इंजिन ड्रायव्हरच्या सीटखाली, त्यामुळे लांब जायचं झालं की बूड तापतं आणि पाय गारच राहतात. इंग्लंडातल्या बेसिंगस्टोकच्या आमच्या मराठी मंडळात तिला सगळे ‘डबा’ म्हणतात, आणि खुर्च्या-पातेली न्यायची वेळ आली की तोच डबा मागायला येतात. मी ती घेतली होती बाबांसाठी. सरकता दरवाजा, सरळ पाय ठेवून बसता येईल अशी सीट. त्यांचे गुडघे गेले होते आणि दिवाळीनंतर ते नागपूरहून आमच्याकडे यायचे होते.

बाबा गेले तेव्हा तिकडे मध्यरात्र उलटून सोमवार लागला होता. इकडे रविवारच होता, आम्ही जेवत होतो. भावाचा फोन ऐकला, ताट उचललं, घासून ठेवलं. माझा व्हिसा वाढवण्याचा अर्ज अडकलेला. क्रॉयडनला बोटांचे ठसे देऊन आले होते. निकालाआधी देश सोडला की अर्ज मागे घेतला असं धरतात. येऊ नकोस, हे भावानेच सांगितलं. शेवटी म्हणाला, मला दहा दिवस आहेत, तुला तीनच. लग्न झालेल्या मुलीला वडिलांचं सुतक तेवढंच. मला सवलत मिळाल्यासारखं बोलला. मी बरं म्हटलं.

सोमवारी ऑफिसला गेले. कुणाला सांगितलं नाही. आपल्याला काहीच कसं वाटत नाही, याचा राग येत होता, पण तो रागही धड येत नव्हता.

मंगळवारी मंडळाच्या सेक्रेटरींचा फोन आला. वॉटफर्डला मूर्ती येऊन पडली आहे, उद्या डब्यातून आणशील ना? सुतकात गणपतीला हात लावत नाहीत. नवऱ्याकडे इथलं लायसन्स नाही. मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि मनातल्या मनात मोजलं. तिकडच्या हिशोबाने सोमवार, मंगळवार, बुधवार. म्हणजे उद्या तिसरा दिवस. इकडच्या हिशोबाने रविवार, सोमवार, मंगळवार. म्हणजे आज संपलं. इतकी वर्षं मी सणवार तिकडच्या पंचांगाने केले. त्या दिवशी मात्र इकडचं घड्याळ धरलं. सोयीचं होतं, दुसरं कारण नाही. आणते म्हटलं.

बुधवारी सुट्टी टाकली, डोक्यावरून आंघोळ केली आणि निघाले. वॉटफर्डला दोघांनी मूर्ती उचलून मधल्या सीटवर ठेवली, बाजूंनी उशा लावल्या. बेल्ट मी लावला. लावताना लक्षात आलं की या सीटवर मी बाबांना बसवणार होते. लक्षात आलं, एवढंच. मोटरवेवर ट्रॅफिक होता. मी डाव्या लेनमधून हळूहळू चालवत आणली, मागच्या लॉरीवाल्याने हॉर्न दिला तर त्याला शिवी घातली.

हॉलच्या दारात मंडळातल्या सगळ्यात मोठ्या काकू तबक घेऊन उभ्या होत्या. गेली कित्येक वर्षं इथल्या प्रत्येकाची खबरबात त्या ठेवतात. ओवाळण्याआधी सवयीने त्यांनी विचारलं, घरी आई-बाबा बरे आहेत ना?

खोटं बोलायचं मनात होतं. पण जमलं नाही.

“बाबा रविवारी गेले, काकू.”

त्यांनी तबक मागे घेतलं. मूर्तीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“इकडच्या रविवारी की तिकडच्या?”

“इकडच्या.”

काकूंनी अंगठ्याने बोटांच्या पेरांवर मोजलं. एकदा, पुन्हा एकदा. मग त्यांचा चेहरा निवळला. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला.

“मग कालच फिटलं गं तुझं. सुटलीस तू.”

मला सुटायचं नव्हतं. मी अजून एकदाही रडले नव्हते, आणि माझे दिवस संपले होते.