एका पुंगळीवरच्या दोन खुणा

माझ्याबद्दल एक गोष्ट सांगितली जाते. आमच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत नवी भरती झाली की तिथे सांगतात, आमच्या नागावात कुणाकडे पाहुणे आले की ओटीवर बसून सांगतात. गोष्ट अशी, की या माणसाने स्वतःच्याच अहवालाविरुद्ध हायकोर्टात साक्ष दिली आणि जन्मठेप भोगणाऱ्या निर्दोष माणसाला सोडवलं. साक्ष मी दिली, हे खरं. माणूस सुटला, हेही खरं. पण चूक मी शोधलेली नव्हती, आणि कळल्यावर लगेच बोललोही नव्हतो. गोष्ट ऐकताना मी फक्त मान खाली घालायचो, आणि लोकांना तो माझा विनय वाटायचा.

माझं काम बंदुकांच्या खुणा ओळखण्याचं. सुताराच्या रंध्याचं पातं एका जागी टवकलं असेल, तर तो रंधा जिथे फिरेल तिथे तीच बारीक रेघ उमटते. बंदुकीचंही तसंच. रायफलच्या नळीतल्या पन्हळी गोळीवर ओरखडे उठवतात. बारा बोअरच्या बंदुकीत नळी गुळगुळीत, छर्रे काही सांगत नाहीत. तिथे झाडलेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी बोलते. तिच्या पितळी बुडाच्या मधोमध जी टोपी असते, तिच्यावर घोड्याची पिन आपटते आणि खळगा पडतो. बुडाच्या कडेवर, पुंगळी बाहेर ओढणारा आकडा आपली खूण ठेवतो. तुलना-सूक्ष्मदर्शकाखाली दोन पुंगळ्या शेजारी ठेवायच्या, अर्धी ही, अर्धी ती, आणि रेघा मधली सीमा ओलांडून एकमेकींत जातात का ते बघायचं. उभं आयुष्य मी हेच केलं, आणि चांगलं केलं. हे लिहायला मला संकोच वाटत नाही.

प्रकरण माणगाव आणि पालीच्या मधल्या एका गावातलं. बांधावरून दोन शेजाऱ्यांचं भांडण होतं. एके सकाळी त्यातला एक बांधाजवळ छर्रे लागून मेलेला सापडला. जवळच एक पुंगळी पडलेली. दुसऱ्याकडे शेतसंरक्षणाच्या परवान्याची बंदूक होती, रानडुकरांसाठी. बंदूक आणि पुंगळी माझ्या टेबलावर आली. पिनेचा खळगा उथळ आणि फासलेला होता, त्यावरून काही ठामपणे सांगता येईना. पण कडेवरची आकड्याची खूण त्या बंदुकीच्या आकड्याशी तंतोतंत जुळली. इतकी सुंदर जुळणी मी क्वचितच पाहिली होती. मी लिहिलं, ही पुंगळी याच बंदुकीतून झाडली गेली. खरं तर आकड्याची खूण एवढंच सांगते, की पुंगळी कधीतरी त्या बंदुकीत होती. ती तिथे झाडली गेली हे पिनेने सांगायला हवं. मीच शिकाऊ मुलांना हे बजावायचो. त्या दिवशी मात्र जुळणीच्या देखणेपणावर मी भुललो.

त्या माणसाला जन्मठेप झाली. अपील हायकोर्टात पडून राहिलं.

पुढे माझ्या निवृत्तीला थोडा काळ उरला असताना आमच्याकडे ते यंत्र आलं. पुंगळीचं बूड किंवा गोळी त्यात ठेवली की ते वेगवेगळ्या बाजूंनी उजेड टाकून चित्रं घेतं, खुणांची खोली मोजतं, आणि साठवलेल्या सगळ्या चित्रांशी ताडून सर्वांत जवळच्यांची क्रमवारी पडद्यावर मांडतं. आम्ही ज्यासाठी कपाटंच्या कपाटं पालथी घालायचो, ते काम चहा संपायच्या आत. मला त्या यंत्राचा हेवा वाटला नाही, अभिमान वाटला. आपल्या हयातीत हे आपल्या खोलीत आलं, याचा.

यंत्र चालवायची जबाबदारी आमच्या विभागातल्या एका तरुण बाईकडे होती. मुंबईत वाढलेली, बोलायला तिखट, नजर माझ्याहून बारीक. यंत्राची परीक्षा घ्यायची म्हणून तिने जुनी, निकाल लागलेली प्रकरणं त्यात घातली. उत्तरं माहीत असलेली गणितं. एका दुपारी माझ्या टेबलाशी येऊन म्हणाली, "सर, यंत्र नापास झालं."

"किती गणितं चुकली?"

"एकच. पण ते तुमचं आहे."

"मग यंत्राच्या पालकांना बोलाव," मी म्हणालो. खोलीतले सगळे हसले. तीही हसली, पण हलली नाही.

"पिनेच्या खळग्यावरून ते दुसरीच बंदूक वर दाखवतंय, सर. मध्यंतरी विनापरवाना पकडलेली आली होती ना, शिकाऱ्याकडची, तीच. तुमच्या अहवालातली बंदूक पार खाली आहे. मी मूळ पुंगळी काढून बघू?"

"बघ. आणि यंत्राची जिरव."

दुसऱ्या दिवशी तिने मला सूक्ष्मदर्शकापाशी बोलावलं. काय दिसलं ते सांगितलं नाही. "आधी तुम्ही बघा, मग मी बोलते." हीच आमची रीत होती, दुसऱ्याचं मत कानावर पडण्याआधी स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं. मी बघितलं. यंत्राच्या चित्रांवरून तिने उजेडाचा कोन नेमका लावला होता, आणि ज्या फासलेल्या खळग्यात मला काही दिसलं नव्हतं, त्यात रेघांचा एक जुडगा होता. तो डावीकडून उजवीकडे सरळ गेला, कुठेही न तुटता.

"उजवीकडे तुमची पुंगळी," ती म्हणाली. "डावीकडे शिकाऱ्याच्या बंदुकीतून मी चाचणीसाठी झाडलेली. आता कड बघा. कडेवरची खूणही खरी आहे, सर. ती तुमच्या अहवालातल्याच बंदुकीची आहे. एका पुंगळीला दोन बंदुका कशा?"

तिला ते कोडं होतं. मला नव्हतं.

आमच्या वाडीत वडिलांची बंदूक होती, नारळ नासणाऱ्या माकडांसाठी. माकडांना छर्रा कुणी मारत नसे, बार नुसता आवाजाचा. काडतुसं महाग, म्हणून रिकाम्या पुंगळ्या कुणी टाकत नसे. आळीतल्या सगळ्या बंदूकवाल्यांच्या पुंगळ्या एका जाणत्या माणसाकडे जमत. तो जुनी टोपी काढून नवी बसवी, दारू भरी, आणि काडतुसं पुन्हा वाटून देई. आपली पुंगळी आपल्यालाच परत येईल असं थोडंच होतं! लहानपणी मी त्या ओट्यावर बसून पुंगळ्या पुसल्या आहेत. टोपी नवी, बूड जुनं. म्हणजे पिनेची खूण आजच्या बंदुकीची, आणि कडेवर कालच्या बंदुकीची. माणगावकडची रीतही वेगळी नव्हती. जन्मठेप झालेल्या शेजाऱ्याची पुंगळी पुन्हा भरून शिकाऱ्याच्या हातात गेली होती, आणि बांधावरचा बार त्या शिकाऱ्याचा होता, बहुधा अंधारात डुक्कर समजून मारलेला.

"भरलेलं काडतूस आहे," मी म्हणालो, आणि तिला सगळं समजावून सांगितलं. या गोष्टीत एवढा भाग माझा आहे. पण हे मला पुंगळी पहिल्यांदा हातात घेतली तेव्हाच सुचायला हवं होतं. कोकणातल्या वाडीत वाढलेल्या माणसाला नाही सुचायचं तर कुणाला?

ती म्हणाली, "मग सर, लिहू या."

आणि मी म्हणालो, "गणपती होऊ देत."

गणपती झाले. मग मी म्हणालो, पितृपक्षात असलं काही नको. मग म्हणालो, यंत्र अजून नवं आहे, कोर्ट काय म्हणेल. खरं कारण साधं होतं. मानाने निवृत्त व्हायचं होतं, आणि आजवर माझा एकही अहवाल कोर्टात पडलेला नव्हता. ती प्रत्येक वेळी एकच वाक्य बोलायची, "सर, तो आतच आहे."

"तूच लिही की मग," मी एकदा चिडून म्हणालो.

"मी लिहीन, त्यात काय. पण मी लिहिलं तर वकील म्हणणार, नवं यंत्र आणि जुना तज्ज्ञ यांचं भांडण आहे. तुम्ही लिहिलंत तर भांडणच उरत नाही. त्याला बाहेर काढायचं ना आपल्याला?"

याच दिवसांत त्या माणसाचे वडील वारले. त्याला पोलीस बंदोबस्तात गावी आणलं, अग्नी देऊ दिला आणि त्याच संध्याकाळी परत नेलं. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. नंतर कळलं.

खंडेनवमीला आमच्याकडे उपकरणांची पूजा होते. सूक्ष्मदर्शकांना हळदकुंकू, नव्या यंत्राला झेंडूची माळ, पेढे. सगळं झाल्यावर तिने सीलबंद पुंगळीचं पाकीट ताटात ठेवलं, त्यावर फूल वाहिलं, आणि सगळ्यांदेखत ताट माझ्यापुढे धरलं.

"हिलाही ओवाळा, सर. रोज कपाट उघडून दर्शन घेतोच आहोत, पूजा तेवढी राहिली होती."

कुणाला काही कळलं नाही. एकाने तर हसून हातही जोडले. मी ताट खाली ठेवलं आणि जागेवर जाऊन लिहायला बसलो. संध्याकाळपर्यंत नवा अहवाल तयार होता. तिने स्वतंत्र तपासणी करून त्यावर दुसरी सही केली.

हायकोर्टाने मला साक्षीला बोलावलं. सरकारी वकिलांनी विचारलं, "म्हणजे तेव्हा शपथेवर सांगितलंत ते खोटं होतं?"

"खोटं नव्हतं. चुकीचं होतं."

"फरक काय पडतो?"

"खोटं असतं तर साहेब, आज मी आलो नसतो."

न्यायमूर्तींनी यंत्राबद्दल विचारलं. मी सांगितलं, यंत्र निकाल देत नाही. कुठे बघायचं ते यंत्र सांगतं, काय दिसलं ते माणूस सांगतो, आणि त्याची जबाबदारी माणसाचीच. त्या दिवशी मी जे बोललो त्यातला शब्दन् शब्द आजही मला पटतो. फक्त एक सोडून. "हे पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आलं?" असं त्यांनी विचारलं तेव्हा मी म्हणालो, "आमच्या विभागाच्या." खोटं नव्हतं ते. पण पेपरात फोटो आला तो माझा एकट्याचा.

परवा मी त्या माणसाच्या घरी गेलो. सुटून आल्यापासून तो शेतीच करतो. पडवीत सुपारी सोलत बसला होता. मला बघून उठला, "साहेब! या या. चा टाक गं," असं आत ओरडला. आत भिंतीवर बल्लाळेश्वराच्या तसबिरीशेजारी पेपरातलं ते कात्रण काचेत लावलेलं होतं, माझ्या फोटोसकट.

मी त्याला सगळं सांगितलं. यंत्र, ती बाई, गणपती, पितृपक्ष, ताट.

त्याने हातातली सुपारी सोलून बाजूला ठेवली. मग म्हणाला, "म्हंजे गणपतीतच कळलं व्हतं?"

"हो."

"माझा बापूस पितरपाटात गेला."

"माहीत आहे मला."

"तुमाला शिव्या द्याव्या तर सोडवलंत पन तुमीच. आन् पाया पडावं तर..."

"पाया पडू नका."

"न्हायच पडत आता," तो म्हणाला, आणि चहाचा कप माझ्याकडे सरकवला. "त्या मॅडमचं नाव काय?"

मी सांगितलं. त्याने ते पुटपुटून बघितलं, नीट लक्षात राहतंय का म्हणून. मग भिंतीकडे बघून म्हणाला, "त्या ह्याच्यात कुठं हायत?"

"नाहीत. ते कात्रण काढून टाका तुम्ही."

"काढायचं कशाला? बाजूला जागा हाय की. तुमी लिवून द्या सगळं, जसं झालं तसं. मी लावतो. पन एका कागदात बसल एवढंच लिवा, काच ल्हान हाय."

घरी येऊन मी तिला फोन केला. आता ती ठिकठिकाणच्या नव्या तज्ज्ञांना शिकवते, तिने तयार केलेली माणसं राज्यभर साक्षी देतात, आणि ती माझ्या हाताखाली होती हे मी न विचारता लोकांना सांगतो. ती म्हणाली, "कशाला सर? अहवालावर माझी सही आहे की."

"सही आहे. गोष्टीत तू नाहीस."

"मग गोष्ट दुरुस्त करा. त्यासाठी मला कशाला फोन करताय? मी कोर्टात आहे, आत्ता पुकारा होईल." आणि तिने फोन ठेवला.

मी कागद घेऊन बसलो. एका पानात काही ते बसलं नाही. त्याला आता मोठी काच आणावी लागेल.