बाबांचे अडतीस मार्क

मंडळी, 'सरासरीपेक्षा कमी' हे शब्द वाचून तुम्हीही लगेच घाबरता का?

माझे बाबा पुण्यात आयुष्यभर गणित शिकवायचे, आता लंडनमध्ये एजवेअरला माझ्याकडे राहतात. हल्ली चष्मा कुठे ठेवला ते विसरतात, म्हणून मीच हट्टाने त्यांची मेमरी टेस्ट करून घेतली. आज सकाळी पत्र आलं.

स्कोअर अडतीस. त्यांच्या वयाची सरासरी एक्केचाळीस. मी रडत रडतच ते बाबांना वाचून दाखवलं.

बाबा शांतपणे टोस्टला लोणचं लावत होते. "स्टँडर्ड डेव्हिएशन किती लिहिलंय?"

"सहा."

"म्हणजे धडधाकट माणसंही सरासरीच्या पाच-सहा मार्क मागेपुढे असतातच. मी तीननेच मागे आहे. अगं, मी गर्दीच्या मधोमध उभा आहे! पुढचं वाच."

पुढे खरंच लिहिलं होतं, स्मरणशक्ती वयाच्या मानाने व्यवस्थित, काळजीचं कारण नाही.

मी रडता रडता हसायला लागले. आणि आठवलं, शाळेत मला ब्याण्णव मिळाले की हाच माणूस विचारायचा, "बाकीचे आठ कुठे गेले?"

आज मीही सोडलं नाही. "बाबा, ते तीन मार्क कुठे गेले?"

"चष्म्यापाशीच असतील," बाबा म्हणाले. "सापडला की सांगतो."